पुठ्ठ्यावरचा संघ

मराठीत टीकाकारांची वानवा कधीच नव्हती. कवितासंग्रह निघाला की टीका निघते, नाटक पडलं की टीका उभी राहते, आणि दिवाळी अंकात मागच्या वर्षीच्या दिवाळी अंकांचा समाचार घेतलेला असतो. मिसळीवर टीका होते, मिसळीवरच्या लेखांवरही होते. पण बबलगमच्या वेष्टनातून निघणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांवर आणि ट्रम्पकार्डांवर कुणी गंभीरपणे चार ओळी खरडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक आमच्या पिढीने क्रमिक पुस्तकांबाहेरचं जे वाङ्मय मन लावून वाचलं, पाठ केलं आणि उशाखाली घेऊन झोपलो, ते हेच.

साहित्याशी माझा संबंध बेताचा. मी बी.कॉम. आहे, तेही सेकंड क्लास. पण ह्या वाङ्मयात शब्द थोडे आणि आकडे फार, त्यामुळे वाणिज्य शाखेच्या माणसाला टीकेचा अधिकार पोहोचतो असं मला वाटतं. दिवसभर काउंटरमागे बसून मी दुसऱ्यांचे आकडेच वाचत असतो, आणि आकडा खरं बोलतोय की नुसताच बरोबर आहे, ह्यातला फरक मला आता वासावरून कळतो.

टीकेला विषय म्हणून माझ्याकडे चपलांचा एक खोका आहे. त्यात साडेतीनशेच्या आसपास कार्डं आहेत. घरात त्याला 'तो खोका' असं म्हणतात, आणि 'तो' ह्या अक्षरावर जो जोर पडतो तो नवऱ्याच्या व्यसनाबद्दल बोलताना पडतो तसा. संग्रह सगळ्या क्रिकेटचा नाही. मी जमवतो तो मुंबईचा संघ. मुंबईकडून खेळलेला माणूस असेल तर कार्ड खोक्यात, नाहीतर बाहेर. राहुल द्रविड सुद्धा बाहेर, आणि त्याच्याविषयी मला कमालीचा आदर आहे.

आता पनवेलच्या माणसाने मुंबईचा संघ आपला म्हणावा का, हा एक तांत्रिक प्रश्न आहे. पनवेल रायगड जिल्ह्यात, आणि रायगड जिल्हा क्रिकेटच्या खात्यात पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडे. म्हणजे लाईन आळीतल्या एखाद्या पोराला रणजी खेळायची स्वप्नं पडलीच, तर ती नियमाप्रमाणे पुण्याच्या दिशेला तोंड करून पडायला हवीत. पण माणसाचं मन संघटनेच्या घटनेप्रमाणे चालत नाही. आमचं सगळं मुंबईच्या तोंडाकडे बघून चाललेलं. नोकरी तिकडे, डॉक्टर तिकडे, लग्नाचा बस्ता तिकडे. १९९८ साली लोकल पनवेलपर्यंत आली तेव्हा ती आम्हाला न्यायला आली असं सगळे म्हणाले. आणायला आली असं कुणी म्हटलं नाही. शिवाय जो संघ १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत लागोपाठ १५ वर्षं रणजी करंडक जिंकतो आणि २०२३-२४ पर्यंत ४२ वेळा जिंकतो, त्याला सोडून दुसऱ्याच्या पाठीमागे जायचं म्हणजे घरच्या विहिरीला पाणी असताना टँकर मागवण्यासारखं आहे. महाराष्ट्र संघाच्या चाहत्यांनी रागावू नये. त्यांचा संयम मला ठाऊक आहे.

तर पहिला कालखंड बबलगमचा. १९८७ साली रिलायन्स विश्वचषक आपल्याकडे झाला आणि त्या सुमाराला 'बिग फन' नावाच्या बबलगममध्ये क्रिकेटपटूंची चित्रं निघू लागली. मी तेव्हा आठ वर्षांचा. टपाल नाक्यावरच्या एका टपरीत मी त्या काळात जेवढं भांडवल गुंतवलं तेवढं पुढे म्युच्युअल फंडातही गुंतवलेलं नाही. चित्र आगपेटीच्या छापाएवढं, छपाई अशी की माणूस ओळखावा तो मिशीवरून. प्रत्येक चित्रावर काही धावा किंवा विकेट छापलेली असे, त्या जमवून दुकानदाराला दिल्या की बक्षीस.

ह्या वाङ्मयाचा विशेष असा की त्या छापील धावांचा त्या खेळाडूशी काही संबंध नसे. माझ्या हाताला आलेल्या गावस्करवर एक धाव होती आणि ज्याच्या बॅटीला कडेने सुद्धा चेंडू लागत नसे अशा एका गोलंदाजावर षटकार होता. तेव्हा मला तो अन्याय वाटला. बँकेत वीस वर्षं काढल्यावर आणि प्रमोशनच्या तीन याद्या पाहिल्यावर मला ह्या चित्रांइतकं वास्तववादी लेखन दुसरं आढळलेलं नाही.

पण त्यात एक पेच होता. धावा वटवायच्या तर चित्रं द्यावी लागत. बक्षीस हवं की संघ हवा? मुदत ठेव मोडण्याचा प्रश्न माणसाच्या आयुष्यात सहसा तिशीनंतर येतो, आम्हाला तो तिसरीत आला. वर्गातले व्यवहारी लोक वेंगसरकर देऊन बक्षीस घेऊन गेले. त्यांतला एक आज उरण नाक्यावर जागांचे व्यवहार करतो. मी वेंगसरकर ठेवला. तो अजून आहे. त्याचा कान गेला आहे, पण तो वेंगसरकर आहे हे मला ठाऊक आहे, आणि संग्राहकाला तेवढं पुरतं.

दुसरा कालखंड ट्रम्पकार्डांचा. हे पत्ते नव्वदच्या दशकात प्रत्येक शाळेच्या प्रत्येक शेवटच्या बाकावर खेळले गेले, त्यामुळे नियम सांगायला नकोत; तरी ज्यांनी पहिल्या बाकावर बसून आयुष्य घालवलं त्यांच्यासाठी सांगतो. पत्ते वाटायचे. वरच्या पत्त्यावर खेळाडूचा फोटो, खाली रकाने : सामने, धावा, सर्वोच्च धावसंख्या, शतकं, विकेटी, झेल. एकाने रकाना पुकारायचा, दोघांनी आकडे सांगायचे, ज्याचा मोठा त्याने दुसऱ्याचा पत्ता घ्यायचा. संपला खेळ. ह्यात बुद्धी लागत नाही असं मास्तर म्हणत. पण आम्हाला ॲलन बॉर्डरच्या धावा पाठ होत्या आणि मास्तरांना वर्गातली मुलं पाठ नव्हती.

ट्रम्पकार्ड हा स्वतःच एक टीकाकार आहे, आणि माझं त्याच्याशी भांडण इथपासून सुरू होतं. तो टीकाकार म्हणून अत्यंत निष्पक्षपाती आहे. जात, गाव, ओळख काही बघत नाही. आकडा बघतो आणि निकाल देतो. आमच्याकडे एक इन्स्पेक्शनवाले साहेब असेच होते. ते ज्या ब्रँचला जात तिथले हिशेब चोख लागत आणि माणसं बदली मागत.

उदाहरण घ्या. आमचे मामा जुने मुंबईवाले, बाळ ज. पंडितांचं समालोचन कानात प्राण आणून ऐकलेले. सुट्टीत ते आमच्याकडे आले की पत्ते चाळायचे आणि विचारायचे, "अरे, ह्यात एकनाथ सोलकर कुठे आहे?" नव्हता, कारण पत्ते चालू खेळाडूंचे. मग मी लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या पुठ्ठ्यावर सोलकरचं कार्ड तयार केलं. हाताने रकाने आखले, मामांनी आकडे पुरवले. २७ कसोटी, १०६८ धावा, शतक १, विकेटी १८, झेल ५३. खेळायला बसलो आणि सोलकर पहिल्याच डावात गेला. शतकं पुकारली, गेला. विकेटी पुकारल्या, गेला. शेवटी मामांनी मोठ्या आशेने 'झेल' पुकारला, तर समोरून गावस्कर निघाला : झेल १०८!

मामा पत्ते टाकून उठले. "अरे, पण त्याला सव्वाशे कसोट्या लागल्या!" असं ते ओरडत होते. बरोबरच होतं. २७ सामन्यांत ५३, म्हणजे दर सामन्याला जवळजवळ दोन, आणि तेसुद्धा फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या बुटाची नाडी मोजता येईल एवढ्या अंतरावर, डोक्यावर हेल्मेट नाही. १९७१ साली ओव्हलवर वेंकटराघवनच्या चेंडूवर ॲलन नॉटचा झेल त्याने सूर मारून घेतला आणि भारताने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली. हे सगळं लिहायला कार्डावर रकाना नाही. ह्यातली गंमत अशी की सोलकरचे वडील हिंदू जिमखान्याचे माळी, आणि लहानपणी हा पोरगा तिथल्या फळ्यावर धावांचे आकडे लावायचा. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे आकडे नीट लावले, आणि आकड्यांनी त्याची परतफेड अशी केली.

ट्रम्पकार्डावर क्लोजिंग बॅलन्स असतो, पासबुक नसतं. हा माझा मुख्य आक्षेप. खात्यात आज किती आहेत ते कळतं. मधल्या काळात त्या माणसाने मुलीचं लग्न कसं केलं, कुठल्या महिन्यात किमान शिल्लक राखण्यासाठी त्याने काय काय केलं, ते कळत नाही. सचिन तेंडुलकरची कसोटी सरासरी ५३.७८, विनोद कांबळीची ५४.२०. सरासरी पुकारलीत तर कांबळी तेंडुलकरचा पत्ता घेऊन जातो! मागचा हिशेब बघायचा नाही : एकाच्या २०० कसोट्या, दुसऱ्याच्या १७. आणि समजा मागचा हिशेब बघितलात आणि सामने पुकारलेत, तर कांबळी असा हरतो की जणू त्याने बॅट कधी हातात धरलीच नव्हती. खरी गोष्ट ह्या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर कुठेतरी आहे. ती रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर टीका एकांगी होईल. हा आकडा कधी कधी झाकतोसुद्धा. गावस्करच्या एकदिवसीय पत्त्यावर सर्वोच्च धावसंख्या नाबाद १०३, ती १९८७ सालची नागपूरची. पण १९७५ साली लॉर्ड्सवर त्याने ६० षटकं उभं राहून १७४ चेंडूंत नाबाद ३६ केल्या, त्या त्या पत्त्यावर दिसत नाहीत. कार्डाने पाठीशी घातलं म्हणायचं. माझ्या दृष्टीने हा साहित्यप्रकार इथे थोडा माणसाळतो.

पण वेंगसरकरचं काय करायचं? मे १९९१, रणजीची अंतिम फेरी, वानखेडेवर हरयाणाविरुद्ध. मी बारा वर्षांचा. मुंबई दोन धावांनी हरली. दोन! वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिला आणि मैदानातच रडला. मी वडाळे तलावाच्या काठावर बसून एकट्याने रडलो, कारण घरी परीक्षेच्या निकालाशिवाय कशावर रडायची पद्धत नव्हती. ह्या १३९ धावा ट्रम्पकार्डावर नाहीत. त्या रणजीतल्या, आणि कार्डाचा कारभार कसोटीपासून पुढे. म्हणजे ज्या दिवशी मी त्या संघाचा कायमचा झालो तो दिवस माझ्या संग्रहाच्या दृष्टीने घडलेलाच नाही.

मध्यंतरी आमचे हेडकॅशियर पेपर घेऊन आले. अमेरिकेत बेसबॉलचं एक कार्ड विकलं गेल्याची जुनी बातमी त्यात कुणीतरी नव्याने दिली होती. मिकी मँटल नावाच्या खेळाडूचं, टॉप्स कंपनीचं, १९५२ सालचं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचे १ कोटी २६ लाख डॉलर आले. आपले सुमारे १०० कोटी रुपये. त्याच्या कोपऱ्यांना दहापैकी साडेनऊ मार्क होते म्हणे. "तुमच्या खोक्याचे किती येतील?" हेडकॅशियरांनी विचारलं. आमच्या शाखेत विनोद क्वचित होतात, त्यामुळे सगळे हसले.

मी घरी जाऊन ह्या विषयाचा थोडा अभ्यास केला. कार्डांचा जन्म सिगारेटच्या पाकिटात. पाकीट चेपू नये म्हणून पुठ्ठा घालत, तो कोरा कशाला ठेवा म्हणून त्यावर खेळाडू छापू लागले. सिगारेटवाल्यांनी खेळाची केलेली ही एकमेव सेवा. १९०९ च्या सुमारास होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूचं असंच कार्ड निघालं आणि त्याने ते बंद करायला लावलं. कुणी म्हणतात पोरांच्या हाती तंबाखू जाऊ नये म्हणून, कुणी म्हणतात पैसे मिळाले नाहीत म्हणून. थोडीच प्रतं बाहेर गेली, ती आज कोट्यवधींना जातात. आणि मँटलच्या त्या १९५२ च्या संचाचा न खपलेला माल कंपनीने १९६० साली बोटीत भरून न्यू जर्सीजवळ समुद्रात नेऊन टाकला, म्हणून उरलेला महाग. अमेरिकन आयांनीही ह्या कामी हातभार लावला. मुलगा कॉलेजला गेला की त्या कार्डं फेकून देत. हे वाचून मला माझ्या आईविषयी नव्याने आदर वाटला. माझा ट्रम्पकार्डांचा अर्धा संच तिने दहावीच्या सुट्टीत रद्दीत घातला होता. मी तीस वर्षं समजत होतो की ती संग्रह नष्ट करत होती. ती पुरवठा कमी करत होती.

अर्थशास्त्राचा हा साधा नियम एफ.वाय.ला शिकवतात. वस्तू जितकी दुर्मिळ तितकी मोलाची. आता हा नियम माझ्या संघाला लावा. वॅग्नरची कार्डं थोडी आहेत. पद्माकर शिवलकरांचं कार्ड किती आहेत? मला आजपर्यंत एकही मिळालेलं नाही. म्हणजे हिशेबाने जगातलं सर्वात महागडं कार्ड हे आमच्या शिवलकरांचं.

नव्या वाचकासाठी थोडं थांबून सांगतो, कारण इथे घाई करणं मला जमणार नाही. पॅडी शिवलकर, डावखुरा फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. कसोटी सामने शून्य. कारण त्याच काळात भारताच्या संघात बिशनसिंग बेदी होता, तोही डावखुरा फिरकी गोलंदाज, आणि खुर्ची एक होती. हरयाणाच्या राजिंदर गोयलचंही तेच. ७५० बळी आणि कसोटी शून्य. १९७२-७३ ची रणजीची अंतिम फेरी मद्रासला, चेपॉकवर. मुंबईच्या धावा १५१ आणि ११३. एवढ्या धावांवर आजकाल लोक वीस षटकांचा सामना सुद्धा हरतात. तामिळनाडू ८० आणि ६१ वर आटोपलं. शिवलकर पहिल्या डावात १६ धावांत ८, दुसऱ्या डावात १८ धावांत ५. मुंबईचा तो लागोपाठचा पंधरावा करंडक. गावस्करने आपल्या 'आयडॉल्स' ह्या पुस्तकात शिवलकर आणि गोयल दोघांवर लिहिलं, तेव्हा निदान ज्याला कळतं त्याला कळलं होतं. मंडळाने दोघांना जीवनगौरव दिला तो २०१७ साली. शिवलकर गेले ३ मार्च २०२५ ला. गात छान असत.

आणि १९८७-८८ च्या त्याच मोसमात, जेव्हा मी टपाल नाक्यावर बबलगम फोडून त्यात मुंबईची माणसं शोधत होतो, शिवलकर ४७ व्या वर्षी परत येऊन मुंबईकडून दोन सामने खेळले! मला कुणी सांगितलं नाही. वेष्टनात तर नव्हतेच.

त्याच मोसमातली दुसरी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी १९८८, हॅरिस शील्ड, शारदाश्रम शाळा, तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. पॅड बांधून पुढचा फलंदाज म्हणून जो मुलगा तंबूत बसून राहिला तो अमोल मुझुमदार. १९९४ साली त्याने मुंबईकडून पदार्पणातच हरयाणाविरुद्ध २६० केल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणात एवढ्या धावा तोवर जगात कुणी केल्या नव्हत्या. पुढे एकूण ११,१६७ धावा, ३० शतकं, २००६-०७ चा रणजी करंडक कप्तान म्हणून. कसोटी शून्य, एकदिवसीय शून्य. मधली फळी तेव्हा भरलेली होती, आणि जी माणसं तिथे बसली होती ती उठवण्यासारखी नव्हती हेही कबूल करायला हवं. बँकेत आम्ही ह्याला 'व्हेकन्सी नाही' म्हणतो. माणूस लायक असतो, अर्ज बरोबर असतो, खुर्ची नसते. ट्रम्पकार्ड ह्या माणसाला हरवतसुद्धा नाही. हरायला आधी पत्त्यात यावं लागतं.

तिसऱ्या कालखंडाविषयी मी थोडक्यात बोलेन. आयपीएल आली, टॉप्सने 'क्रिकेट अटॅक्स' नावाची कार्डं आपल्याकडे आणली, आणि चिरंजीवांसाठी म्हणून मी ती घेऊ लागलो. छपाई देखणी, चकाकी विचारू नका. मुंबई इंडियन्सचा संच आमच्याकडे बऱ्यापैकी आहे. पण लिलाव आला की गोची. काल आपला असलेला माणूस आज हैदराबादला, आणि गेल्या वर्षी ज्याला शिव्या दिल्या तो निळ्या कपड्यात आपल्याकडे. खोक्यात कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं, ह्यासाठी मला दरवर्षी बॅलन्स शीट काढावी लागते. संघाचा संग्रह करायचा तर संघाने थोडा वेळ एका जागी उभं राहायला हवं. चिरंजीवांना ह्यात काही वावगं वाटत नाही. "बाबा, प्लेयर बदलतात, टीम तीच असते," असं ते म्हणतात. विचार करण्यासारखं आहे, म्हणून मी त्यावर विचार करायचं टाळतो.

शिवाय आमच्या गावात कार्ड छापायला कंपनीची गरज उरलेली नाही. तालुक्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा चालतात, यूट्यूबवर थेट दिसतात, आणि गावच्या संघाचा फ्लेक्स नाक्यावर लागतो : मधे कप्तान, भोवती चौदा वर्तुळांत चौदा चेहरे, खाली शुभेच्छुक. आकडे नाहीत, फक्त नावं आणि 'भाऊ'. समीक्षक म्हणून मला हा फ्लेक्स ट्रम्पकार्डापेक्षा उजवा वाटतो. त्यात कुणी कुणाला हरवत नाही. खोक्यात मात्र मावत नाही.

२ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर, म्हणजे पनवेलहून सहाव्या स्टेशनवर, भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्यांचा प्रशिक्षक अमोल मुझुमदार. हरमनप्रीत कौर जिंकल्यावर त्याच्या पाया पडली. त्याचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. मी बँकेचा पेपर कापला, हे शाखाधिकाऱ्यांना अजून समजलेलं नाही.

तो फोटो घरी आणला आणि पुन्हा लग्नपत्रिकेचा पुठ्ठा काढला. ह्या वेळी चिरंजीव सोबत. आकडे आता मामांकडे मागायला लागत नाहीत, फोनवर मिळतात, मामा नाहीत. आम्ही ठरवलं की पत्ते फक्त मुंबईचे करायचे आणि हिशेब रणजी-प्रथम श्रेणीचाही धरायचा. पहिलं कार्ड मुझुमदारचं, दुसरं सोलकरचं नवीन (झेलाच्या शेजारी 'दर सामन्याला' असा रकाना घालून), तिसरं शिवलकरांचं. मोठ्या उत्साहाने बसलो आणि लगेच भांडण लागलं. चिरंजीवांनी गोलंदाजीची सरासरी पुकारली आणि शिवलकरांच्या १९.६९ वर कुणा कामचलाऊ गोलंदाजाची ५१ ठेवून पत्ता उचलायला हात पुढे केला. "मोठा आकडा जिंकतो, बाबा. तुम्हीच शिकवलंत." गोलंदाजाची सरासरी कमी तेवढी चांगली, कर्जाच्या व्याजासारखी, हे समजावण्यात अर्धा तास गेला. मग 'कसोटी' रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं. मी म्हटलं, शून्य नको, चेकवर रिकाम्या जागेत मारतो तशी रेघ मार. रेघ विरुद्ध एक अशी लढत लागली तर कोण जिंकतो, ह्याचा नियम अजून व्हायचा आहे.

पण खरं अडलं ते डावातल्या सर्वोत्तम गोलंदाजीवर. मी शिवलकर धरला होता, १६ धावांत ८. चिरंजीवांकडे सुभाष गुप्ते, १०२ धावांत ९, १९५८ चं कानपूर, समोर वेस्ट इंडिज. ते म्हणतात आठापेक्षा नऊ मोठे. मी म्हणतो एका बळीला दोन धावा कुठे आणि अकरा कुठे. ते म्हणतात ती कसोटी होती. मी म्हणतो ती फायनल होती. गेल्या रविवारपासून दोन्ही कार्डं जेवणाच्या टेबलावर समोरासमोर पडून आहेत, सस्पेन्स अकाउंटला टाकल्यासारखी. बायको दोन वेळा ताटं त्यांच्या बाजूने मांडते.